आधी नकाशा, मग पोकलेन

विजापूर रोडच्या कंबर तलावाचा, म्हणजे धर्मवीर संभाजी तलावाचा विषय निघाला की सोलापुरात पहिला प्रश्न येतो, "जलपर्णी काढली का?" काढली असेल तर तलाव सुधारला, वाढली असेल तर बिघडला. सिद्धेश्वर तलावाचं पाणी हिरवं दिसलं की मासे मेले का एवढंच विचारलं जातं. आणि तुळजापूर रोडच्या हिप्परग्याकडे आपण फक्त भरला की आटला याच हिशेबाने बघतो. तिन्ही तलाव उथळ. तिन्हींच्या काठाला शहर नाहीतर शेती येऊन भिडलेली. पण या पाण्यात नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) किती आहे, ते कुठल्या बाजूने येतं, दर वर्षी वाढतंय की घटतंय, याचं सलग उत्तर साध्या नागरिकाला एका जागी बघायला मिळत नाही. हे उत्तर हातात नसताना तलाव सुशोभीकरणावर पैसा ओतणं थांबवलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी नकाशा, मग पोकलेन.

नत्र, स्फुरद ही नावं उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला शिकवावी लागत नाहीत. खताच्या गोणीवर ती छापलेलीच असतात. रानात जे पीक जोमात आणतं तेच पाण्यात शेवाळ जोमात आणतं, आणि पाण्यात ते लागतंही फार थोडं. देशोदेशीच्या तलावांवरून १९८२ साली 'ओईसीडी' या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेने जी वर्गवारी ठरवली, तिच्यात लिटरला सरासरी ३५ मायक्रोग्रॅमच्या वर एकूण फॉस्फरस गेला की तलाव अतिपोषित, म्हणजे खत जास्त झालेला, धरतात आणि १०० च्या वर गेला की सगळ्यात वाईट वर्गात टाकतात. आता घरगुती सांडपाणी घ्या. त्यात लिटरला ५ मिलिग्रॅम फॉस्फरस धरला, आणि हा काही चढवून सांगितलेला आकडा नाही, तरी एक बादली सांडपाणी चाळीस बादल्या स्वच्छ पाण्याला त्या शेवटच्या वर्गात ढकलायला पुरतं. एक ग्रॅम फॉस्फरसवर शंभरेक ग्रॅम सुकं शेवाळ उभं राहू शकतं. म्हणजे नाल्यातून येणारी बारीक धारसुद्धा बारीक नसते.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १९७३ साली डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका छोट्या तलावाच्या मधोमध जाड प्लॅस्टिकचा पडदा लावला. दोन्ही भागांत कार्बन आणि नत्र घातलं, फॉस्फरस मात्र एकाच भागात. तो भाग हिरवागार झाला, दुसरा होता तसा राहिला. वरून काढलेलं त्या तलावाचं चित्र पाहणाऱ्याला मग वेगळं पटवून द्यावं लागलं नाही. धुण्याच्या पावडरीतल्या फॉस्फेटवर पाश्चात्त्य देशांत बंधनं आली, त्यात या कामाचा मोठा वाटा आहे. आपल्याकडे मात्र तलावाचं दुखणं म्हटलं की बोट आधी निर्माल्याकडे जातं. निर्माल्य पाण्यात टाकू नयेच. पण गटाराचं एखादं तोंड बारा महिने तलावात उघडं असेल, तर सणावाराच्या फुलांचा वाटा त्यापुढे किती, हे मोजल्याशिवाय भाविकांना दोष देणं अन्यायाचं आहे.

उथळ तलावाची गोष्ट खोल धरणाहून वेगळी असते आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. खोल पाण्यात उन्हाळ्यात थर पडतात, तळाला गेलेलं बरंच काही काही महिने तरी तळालाच राहतं. मीटर-दोन मीटर पाण्यात तसं होत नाही. दुपारचं वारं सुटलं की तळाचा गाळ वर येतो आणि त्याच्यासोबत स्फुरदही. नत्राचा काही भाग जिवाणूंच्या हातून वायू होऊन उडून तरी जातो. स्फुरदाला हवेतली वाट नाही. ते गाळातल्या लोहाला चिकटून बसतं, आणि तळाशी प्राणवायू संपला की लोहाची पकड सुटून पुन्हा पाण्यात उतरतं. त्यात आपला उन्हाळा. चाळिशीच्या वर पारा, महिनोन्महिने बाष्पीभवन, पाणी कमी होत जातं आणि उरलेल्यात खत दाटत जातं. म्हणून नाले बंद केले तरी तलाव दुसऱ्याच वर्षी नितळ होईल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. गाळातलं जुनं देणं फिटायला वर्षं लागतात. आणि उथळ तलाव एकदा पाणवनस्पतींच्या नितळ स्थितीतून शेवाळाच्या गढूळ स्थितीत उलटला की परत फिरवायला, ज्या पातळीला तो उलटला त्याहून बरंच खाली स्फुरद आणावं लागतं. उशीर इथे फार महाग पडतो.

मग तपासण्या होत नाहीत का? होतात. पण त्या काय बघतात ते पाहा. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी केंद्राने ऑक्टोबर २०१७ मध्ये जे निकष काढले त्यात चार गोष्टी आहेत: सामू, बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू), तरंगते घन पदार्थ आणि विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू. स्फुरद नाही, नत्र नाही. साधं केंद्र बीओडी उत्तम उतरवतं, पण स्फुरदाचा मोठा भाग तसाच पुढे सोडतं, आणि कागदावर सगळं पास. पाणी कशासाठी वापरता येईल याचे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे जे अ ते ई वर्ग आहेत, त्यांतही स्फुरदाला जागा नाही. तिथे विरघळलेल्या प्राणवायूला मान आहे, आणि नेमका तिथेच घोटाळा होतो. शेवाळाने भरलेल्या तलावात दुपारी बारा-एकला नमुना घ्या: उन्हात शेवाळ प्राणवायू सोडत असतं, लिटरला दहा मिलिग्रॅमच्या वरही आकडा जाईल, निरोगी तलावापेक्षा सरस. त्याच जागी पहाटे पाचला या. रात्रभर तेच शेवाळ आणि गाळातले जिवाणू श्वास घेत होते, आकडा शून्याकडे आलेला. मासे पहाटे मरतात आणि नमुना कचेरीच्या वेळेत घेतला जातो. अहवालात तलाव ठणठणीत असतो आणि काठाला वास सुटलेला असतो, याचं कोडं असं सुटतं.

आता जलपर्णी. पोकलेन तलावात उतरतो, ट्रॅक्टर लागतात, अमुक टन काढली अशी बातमी येते. ओल्या जलपर्णीत शेकडा नव्वदहून जास्त पाणीच असतं. टनभर जलपर्णीतून तलावाबाहेर जाणारं स्फुरद काही शे ग्रॅमच्या घरातलं. एका माणसाच्या मलमूत्रातून दिवसाला साधारण दीड ग्रॅम फॉस्फरस बाहेर पडतो. म्हणजे टनभर जलपर्णी उपसून आपण एका माणसाच्या काही महिन्यांच्या सांडपाण्याची भरपाई केली. नाल्यावर हजारो माणसांची वस्ती असेल तर हा हिशेब कुठे पोचतो ते ज्याने त्याने करून बघावं. तरीही जलपर्णी काढावी, कारण ती ऊन आणि हवा अडवते, डासांना आसरा देते. पण काढून काठावरच ढीग लावला तर पहिल्या पावसात कुजलेला रस पुन्हा तलावात. आणि तणनाशक फवारलं तर त्याहून वाईट: झाड मरून तळाला जातं, कुजताना प्राणवायू खातं आणि शोषलेलं सगळं स्फुरद जागच्या जागी परत करतं. पाणी महिनाभर मोकळं दिसतं एवढंच.

इथे नकाशाचं काम सुरू होतं. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांची मालिका २०१५ पासून फिरते आहे, २०१७ ला जोडीला दुसरा आला, तेव्हापासून दर पाच दिवसांनी सोलापूरचं चित्र मिळू शकतं, आणि तेही फुकट, कुणालाही. त्याचा मुख्य रंगांतला एक ठिपका जमिनीवर दहा मीटर बाय दहा मीटरचा. शंभर चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा. सातबारा वाचणाऱ्याला यापेक्षा सोपं माप कुठलं हवं! एकर पाणी म्हणजे चाळीस ठिपके. प्रत्येक गुंठ्याचा रंग वेगळा नोंदलेला. शेवाळातलं हरितद्रव्य तांबडा प्रकाश, ६६५ नॅनोमीटरच्या आसपासचा, शोषून घेतं. त्याच्या लगतचा ७०५ च्या आसपासचा मात्र शेवाळ दाटलेल्या पाण्यातून जास्त परततो. या दोहोंच्या फरकावरून पाण्यात हरितद्रव्य किती, याचा अंदाज बांधता येतो. दुसऱ्या पट्ट्याचा ठिपका वीस मीटरचा, चार गुंठ्यांचा, म्हणून लहान तलावात काठालगतचे ठिपके सोडून द्यावे लागतात. त्यांत घाटाची पायरी, झाडाची सावली आणि पाणी एकत्र मिसळलेलं असतं. मागे जायचं असेल तर अमेरिकेच्या लँडसॅटची तीस मीटरची चित्रं १९८० च्या दशकापासूनची पडून आहेत. जलपर्णी कुठल्या साली कुठल्या कोपऱ्यातून सुरू झाली हे हिप्परग्यासारख्या मोठ्या पाण्यात त्यावरून काढता येतं, आणि तो कोपरा बहुधा कुठल्या तरी नाल्याचं तोंड असतं.

ही गोष्ट काठावर उभं राहून कळत नाही. निळं-हिरवं शेवाळ वाऱ्याबरोबर सरकतं. ज्या घाटाला वारं लागतं तिथे ऑइलपेंट सांडल्यासारखा जाड थर दिसतो, वाळला की त्याला निळसर पांढरी कड येते, वास डोक्यात जातो. समोरच्या काठाला त्याच वेळी पाणी बरंच बरं असतं. नमुना कुठल्या काठाला घेतला यावर अहवाल ठरतो. नकाशात सगळे गुंठे एकाच क्षणी दिसतात.

पण नकाशावर आंधळा विश्वासही मी ठेवणार नाही, आणि जे विकत घेतलेल्या 'डॅशबोर्ड'वर खूश होतात त्यांना हे सांगायलाच हवं. उपग्रहाला नत्र दिसत नाही, स्फुरद दिसत नाही. त्यांना रंग नाही. दिसतं ते त्यांचं पीक: हरितद्रव्य, गढूळपणा, तरंगती पानं. शिवाय आपली काळी माती. पावसानंतर नाल्यांतून आलेली बारीक चिकणमाती दिवसेंदिवस खाली बसत नाही, पाणी तांबूस-करडं राहतं आणि परदेशातल्या निळ्या तलावांवर बसवलेली सूत्रं इथे चुकतात. म्हणून चित्र आणि बाटली यांची गाठ घालावीच लागते. उपग्रह सकाळी अकराच्या सुमारास डोक्यावरून जातो, त्याची तारीख आधी माहीत असते. त्याच दिवशी, त्याच तासाला होडीतून तलावाच्या मध्यावर जायचं, जागेचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर घ्यायचे, बाटली भरून बर्फात ठेवायची, आणि वीस सेंटिमीटरची काळी-पांढरी थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडायची. थाळी दिसेनाशी झाली की दोरीवर खूण. हे साधन १८६५ पासून जगभर वापरात आहे आणि ते कुठल्याही लोहाराकडून करून घेता येतं. नितळ तलावात थाळी दोन-चार मीटर दिसते. शेवाळाने भरलेल्यात हातभर खाली गेली की गायब. प्रयोगशाळेत एकूण स्फुरद, एकूण नत्र, हरितद्रव्य. अशा काही फेऱ्यांनंतर सोलापूरच्या पाण्यासाठी सोलापूरचं सूत्र बसतं. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठ शहराच्या दाराशी आहे, विज्ञान आणि अभियांत्रिकीची महाविद्यालयं आहेत, भूगोलाच्या मुलांना क्यूजीआयएस हे फुकटचं नकाशाचं सॉफ्टवेअर येतं. माणसं आणायला बाहेर जावं लागणार नाही.

ढगांची हरकत कुणी काढेल तर ती अर्धी खरी आहे. जून ते सप्टेंबर चित्रं वाया जातात, आणि नेमकं तेव्हाच पहिल्या सरींबरोबर गल्ल्यांतलं, उकिरड्यांतलं, उसाच्या फडांतलं सगळं तलावात उतरतं. ते चार महिने बाटलीचे. आपण पर्जन्यछायेतले, कमी पावसाचे. ऑक्टोबर ते मे आभाळ बहुतेक स्वच्छ. शेवाळाचा जोरही तेव्हाच. ते महिने चित्राचे. दोन्ही मिळून वर्ष पुरं होतं.

तलावाचा नकाशा मात्र अर्धाच नकाशा. उरलेला अर्धा जमिनीचा, आणि मला विचाराल तर तोच जास्त मोलाचा. इस्रोचं 'भुवन' संकेतस्थळ २००९ पासून आहे, तिथून उंचसखलपणाची माहिती मिळते. पाणी कुठून कुठे वाहतं याच्या रेघा संगणक काढून देतो. पण शहरात पाणी नुसत्या उताराने वाहत नाही. रस्त्याखालचे पाइप, बुजवलेले ओढे, रात्रीतून जोडलेली गटारं त्याला भलतीकडे वळवतात. म्हणून त्या रेघा हातात घेऊन नाला पायी चालावा लागतो. कुठे ड्रेनेजचं झाकण तुंबून वाहतंय, कुठे गोठ्याचं शेण धुतलं जातं, कुठे सर्व्हिसिंग सेंटर, कुठे कपड्यांच्या रंगाचं पाणी, हे नकाशावर टिंबांनी मांडायचं. मग प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी दोनच मापं: पाणी किती वाहतंय आणि त्यात स्फुरद किती. दोहोंचा गुणाकार म्हणजे त्या नाल्याचं रोजचं ओझं. माझा अंदाज असा की बहुतेक ओझं एखाद-दुसऱ्या नाल्याचंच निघेल, कारण असंच बहुतेक ठिकाणी निघतं. तो नाला वळवला की जे साधेल ते दहा वर्षांच्या पोकलेननेही साधणार नाही.

आणि तिन्ही तलावांचं निदान एकच येईल असं गृहीत धरू नये. सिद्धेश्वर तलाव बाराव्या शतकातला, सिद्धरामेश्वरांच्या श्रमदानाचा वारसा सांगणारा, एका बाजूला भुईकोट किल्ला, मध्ये मंदिर, जानेवारीत गड्ड्याची यात्रा. तिथे पाणी बाहेर वाहून जाण्याची वाट कमी, गाळ जुना. कंबर तलावाला वस्तीने वेढलंय. हिप्परगा, म्हणजे एकरुख तलाव, इंग्रजी अमदानीत आदिला नदी अडवून सिंचनासाठी बांधलेला. तिथे शेतीतून येणारं खत आणि पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या तळातली पिकं यांचा हिशेब मोठा असणार. तिघांना एकच कारंजं आणि एकच निविदा लावणं म्हणजे न तपासता औषध देणं.

हे बोललं की ठरलेलं उत्तर येतं: "अहो, तळ्याचं काय घेऊन बसलात, नळाला पाणी कधी येतंय ते बघा की!" काही दिवसांआड पाणी भरणाऱ्या घराचा हा राग मला मान्य आहे. पण नळ आणि तळं वेगळं नाही. शहराच्या पाण्यात हिप्परग्याचा वाटा आहेच, आणि उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे वापराचा साठा संपून मृतसाठा लागला, की जवळच्या पाण्याची किंमत सगळ्यांना कळते. खुद्द उजनी काय आहे? ११७ टीएमसीचं धरण, निम्म्याहून जास्त मृतसाठा, आणि वरून पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी, भीमेतून येऊन तिथे साचणारं. उन्हाळ्यात फुगवट्याच्या उथळ टोकांना पाणी हिरवं होतं ते याच स्फुरदामुळे. पुण्याने आपल्याला काय पाठवलं हे आकड्यांनिशी मांडायचं असेल, तर आपल्या घरच्या तलावांचे आकडे आधी चोख हवेत. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती यकृताला घातक विष सोडतात. त्यातल्याच मायक्रोसिस्टिन-एलआर या विषासाठी जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मायक्रोग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. पाणी उकळून हे विष जात नाही. जनावरं काठाला पाणी पितात त्या गावांना हे कुणी सांगितलं आहे?

कायद्याच्या भरवशावर राहावं तर तिथेही भोक आहे. पाणथळ जागांचे २०१७ चे नियम पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी बांधलेल्या मानवनिर्मित जलाशयांना वगळतात. दुष्काळी जिल्ह्यात पाणथळ जागा बहुतांशी बांधलेल्याच असतात, म्हणजे नियम जिथे सर्वांत जास्त हवा तिथेच तो लागू होत नाही. हे वगळणं बदललं पाहिजे, आणि ती मागणी सोलापूर, धाराशिव, विजयपूर या पट्ट्यातून उठली पाहिजे. तोवर शहराने स्वतःसाठी नियम करावा.

तो असा असावा. नकाशा आणि त्यामागचे सगळे आकडे लोकांना उघडे असावेत, नाल्यांच्या नावासकट. यात काही जणांची गैरसोय होईल, एखादी मोठी सोसायटी, एखादं मंगल कार्यालय, एखादं सरकारी आवारसुद्धा नकाशावर लाल दिसेल, दिसू द्यावं. तलावाच्या कुठल्याही ठेक्याचं बिल "किती टन काढली" यावर न देता, नाल्याच्या तोंडाशी स्फुरद किती घटलं आणि मार्च-एप्रिलच्या चित्रांत हिरवे गुंठे किती कमी झाले यावर द्यावं. काढलेली जलपर्णी काठापासून दूर नेऊन खत केल्याचा पुरावा बिलासोबत हवा. वर्षातून दोनदा तरी पहाटेचा प्राणवायू मोजावा. पाऊस ओसरला की ऑक्टोबरात थाळी आणि बाटली घेऊन पहिली फेरी सुरू करता येते, पोकलेनच्या भाड्यापुढे तिचा खर्च किरकोळ आहे. येत्या अंदाजपत्रकात तलावांसाठी जी रक्कम धरली जाईल तिचा पहिला हप्ता या कामाला द्यावा, आणि नाल्यांचे आकडे हाती येईपर्यंत कारंजाची एकही निविदा काढू नये.